मनुष्यवधाचा दर आणि त्याचा पुरावा : वेरूळ व मराठवाडा यांच्या निमित्ताने एक चिकित्सा

१

गुन्हेगारीच्या अभ्यासात मनुष्यवधाच्या आकड्याला मानाचे स्थान दिले जाते. चोरीची फिर्याद पुष्कळदा होतच नाही. मारहाण सोसली जाते. स्त्रीवरील अत्याचार घराण्याच्या अब्रूखातर झाकला जातो. परंतु मनुष्य मेला म्हणजे प्रेत उरते, आणि त्या प्रेताची काहीतरी वाट समाजाला लावावीच लागते. म्हणून इतर गुन्ह्यांचे आकडे हे पोलिसांच्या तत्परतेचे माप असले, तरी खुनांचा आकडा हा प्रत्यक्ष घडलेल्या हिंसेचे माप होय, असे मानण्याचा प्रघात पडला आहे. एखाद्या समाजातील हिंसेचा शतकानुशतकांचा चढउतार पाहावयाचा झाल्यास दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला होणारे मनुष्यवध हेच प्रमाण अभ्यासक घेतात, ते याच समजुतीच्या आधारावर.

प्रस्तुत लेखात या समजुतीची चिकित्सा मराठवाड्यातील, विशेषतः वेरूळच्या परिसराशी निगडित असलेल्या, पुराव्यावरून करण्याचे योजिले आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : प्रेत लपविणे अवघड असते हे खरे, परंतु मृत्यूचे नाव बदलणे तितके अवघड नसते. शिवाय ज्या लेखी साधनांवरून आपण पूर्वकाळातील मनुष्यवध मोजू पाहतो, ती साधने निरनिराळ्या काळी निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी निर्माण झालेली आहेत. त्यांना एका सुतात ओवून दीर्घकालीन आलेख काढणे म्हणजे पायली, शेर आणि गज यांनी मोजलेल्या राशींची एकच बेरीज करण्यासारखे आहे. याचा अर्थ असे संशोधन अशक्य आहे, असा नव्हे. ते कोणत्या मर्यादेत शक्य आहे, हे ठरविणे हाच या लेखाचा हेतू आहे.

२

वेरूळचे नाव मनुष्यवधाच्या वाङ्मयात एका चमत्कारिक मार्गाने आले आहे. कर्नल विल्यम स्लीमन यांचा ‘रामासीयाना’ हा ग्रंथ १८३६ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. ठगांची सांकेतिक भाषा आणि माफीच्या साक्षीदारांशी झालेली प्रश्नोत्तरे त्यात दिली आहेत. फिरंगिया हा त्या साक्षीदारांपैकी सर्वांत प्रसिद्ध. वेरूळच्या लेण्यांत आपल्या धंद्याची सर्व कृत्ये कोरलेली आहेत, असे त्याने व त्याच्या सोबत्यांनी सांगितले. वाटसरूला बोलण्यात गुंगविणारा, गळ्याला फास घालणारा, प्रेत पुरणारा, असे सगळे ठग तेथे पाषाणात दिसतात, असा त्यांचा दावा होता. ही कृत्ये आमच्या देवीच्या इच्छेने तेथे उमटली, असा त्यामागचा भाव.

वेरूळची लेणी ज्याने डोळसपणे पाहिली आहेत त्याला या साक्षीचे मोल ठरविणे कठीण नाही. चौतीस लेण्यांपैकी बारा बौद्ध, सतरा हिंदू व पाच जैन आहेत. हिंदू लेण्यांत वधाची दृश्ये आहेत, यात शंका नाही. दशावतार लेण्यात नरसिंह व हिरण्यकशिपू आहेत. कैलास लेण्यात महिषासुरमर्दिनी आहे. धुमार लेण्यात अंधकासुराचा वध आहे. रामेश्वर लेण्यात सप्तमातृकांजवळ हाडांचे सापळे उरलेले काल आणि काली आहेत. परंतु ही पुराणकथांची शिल्पे होत. एखाद्या टोळीच्या व्यवसायाची ती नोंद नव्हे. फिरंगियाने शिल्पात जे पाहिले ते त्याने मनात आधीच नेले होते. आणि प्रश्न विचारणाऱ्या अधिकाऱ्यानेही ते उत्साहाने टिपून घेतले, कारण ठगी हा अतिप्राचीन व अखिल हिंदुस्थानात पसरलेला धर्मपंथ आहे, या त्याच्या सिद्धांताला ते पोषक होते.

या उदाहरणाचा आमच्या विषयाशी असलेला संबंध केवळ स्थानिक नाही. पुरावा वाचण्याची हीच पद्धत पुढे आकड्यांनाही लागू झाली. बेहराम नावाच्या ठगाच्या नावावर ९३१ खून लावले जातात. त्याची प्रत्यक्ष जबानी कॅप्टन पेटन यांनी लखनौ येथे टिपून घेतली होती. तिच्यात, आपल्या हातून सुमारे १२५ माणसे मारली गेली असतील व आणखी सुमारे १५० मारली जाताना आपण पाहिली असतील, असे तो सांगतो. पहिली संख्या तो ज्या टोळ्यांत हजर होता त्यांच्या सर्व कृत्यांची आहे. एका टोळीत वीस-पंचवीस माणसे असत, आणि प्रत्येकाने आपापल्या उपस्थितीतील खून सांगितले, तर एकच मृत वीस-पंचवीस वेळा मोजला जाणार हे उघड आहे. अशा जबान्यांवर आधारलेल्या गणिताची परिणती १९३३ साली स्लीमनच्या नातवाने लिहिलेल्या ग्रंथात झाली. दहा लाख खुनांचा उल्लेख त्याच्या शीर्षकातच आहे. माइक डॅश यांनी २००५ मध्ये या आकड्यांची छाननी करून ते फार खाली आणले. किम वॅग्नर यांनी २००७ मध्ये ठगी हा धर्मपंथ नसून त्या काळच्या लष्करी व आर्थिक विस्कळीतपणातून उद्भवलेल्या लूटमारीचा एक प्रकार होता, अशी मांडणी केली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढ्याच गोष्टीला जन्मठेपेची शिक्षा ठरविली, मग ती टोळी कंपनीच्या मुलुखातील असो वा बाहेरची. त्यामुळे विशिष्ट माणसाचा विशिष्ट दिवशी झालेला वध सिद्ध करण्याची गरज उरली नाही. कायद्याची गरज संपली की नोंदीची काटेकोरताही संपते. ठगीच्या कागदांत आरोपींची नावे, वंशावळी व टोळ्यांचे नकाशे विपुल आहेत. मृतांची नावे मात्र तुरळक. खुनी मोजले गेले, खून मोजले गेले नाहीत. शिवाय भागावयाची लोकसंख्याही उपलब्ध नाही, कारण हैदराबाद संस्थानात पहिली जनगणना १८८१ साली झाली. अंशही अनिश्चित आणि छेदही अनुपलब्ध, अशा स्थितीत दर काढणे हे गणित नसून कल्पनाविलास होय.

३

ब्रिटिशपूर्व काळासाठी आपल्याकडे दोन प्रकारची साधने आहेत, आणि ती दोन्ही वेगळ्याच प्रश्नाची उत्तरे देतात. पहिले साधन वीरगळांचे. महाराष्ट्रातील गावोगावी देवळांजवळ उभे असलेले हे दगड लढाईत, दरोडेखोरांच्या प्रतिकारात किंवा गुरे सोडविताना पडलेल्या पुरुषांचे स्मरण करतात. हा हिंसक मृत्यूचाच पुरावा. पण त्यातील बहुसंख्य दगडांवर ना नाव ना शक. शिवाय ज्याच्या मरणाचा गावाला अभिमान वाटला त्याचाच दगड उभा राहिला. भावकीच्या भांडणात रात्री कोयत्याने मारल्या गेलेल्याचा वीरगळ कोणी उभारत नाही.

दुसरे साधन मराठेशाहीतील महजर, निवाडपत्रे व वतनाची कागदपत्रे. वेरूळची पाटिलकी भोसले घराण्याकडे होती, हे सर्वश्रुत आहे. अशा पाटिलकीच्या, देशमुखीच्या व कुळकर्णाच्या तंट्यांत खून पडत, आणि ते कागदावर येत. मारल्या गेलेल्याच्या वारसांना जमीन तोडून देण्याची ‘मुंडकटाई’ ही संज्ञाच त्या व्यवहाराची साक्ष देते. परंतु तेथे खून नोंदला गेला तो वतनाच्या हक्काचा दुवा म्हणून. ज्या मृत्यूमुळे कोणाची जमीन इकडची तिकडे झाली नाही, त्याची नोंद करण्याचे कारणच नव्हते. बलुतेदार, कुणबिणी, अस्पृश्य मानलेल्या जातींतील माणसे आणि परमुलखातील वाटसरू यांचे मृत्यू म्हणूनच या दप्तरात जवळजवळ आढळत नाहीत. दप्तरात खून थोडे दिसतात म्हणून समाज शांत होता असे म्हणता येत नाही. आणि वतनाचे खून ठळक दिसतात म्हणून समाज विशेष हिंस्र होता असेही म्हणता येत नाही.

येथे युरोपातील संशोधनाची तुलना उद्बोधक ठरेल. टेड रॉबर्ट गर यांनी १९८१ मध्ये इंग्लंडातील विखुरलेले अंदाज एकत्र करून तेराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंत मनुष्यवधाचा दर सतत घसरत आला, असा आलेख मांडला. मॅन्युएल आयस्नर यांनी २००३ मध्ये पश्चिम युरोपातील पुष्कळ अधिक सामग्रीवर तोच निष्कर्ष दृढ केला : मध्ययुगाच्या उत्तरार्धात दर लाखी दोन आकडी असलेला दर विसाव्या शतकात एकाच्या आसपास आला. या निष्कर्षावर आक्षेप घेतले गेले, ते आपल्याही कामाचे आहेत. चौदाव्या शतकातील ऑक्सफर्डचा दर लाखी शंभराहून अधिक असा काढलेला दर काही हजारांच्या वस्तीवर आधारलेला आहे. लोकसंख्येचा अंदाज थोडा बदलला तरी तो मोठ्या फरकाने हलतो. दुसरे असे की, त्या काळी साध्या जखमेतून विषबाधा होऊनही मनुष्य दगावे. आज तोच मनुष्य वाचतो व तो गुन्हा खुनाचा न राहता खुनाच्या प्रयत्नाचा होतो. तेव्हा घट झाली ती क्रौर्यात किती आणि शल्यचिकित्सेमुळे किती, हा प्रश्न उरतोच.

तथापि इंग्लंडातील अभ्यासकाला एक सोय आहे. संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनर या अधिकाऱ्याचे पद तेथे ११९४ पासून चालत आलेले आहे. साधनात बदल झाले तरी त्याचा प्रकार एक राहिला. आपल्याकडे कोरोनरची संस्था इलाख्याच्या राजधान्यांपुरतीच राहिली. मुंबईतील कोरोनरचे न्यायालय १९९९ साली बंद झाले. गावोगाव मात्र हे काम पोलीस पाटलाच्या वर्दीवर आणि पोलिसांनी पंचांसमक्ष केलेल्या पंचनाम्यावर चालत आले आहे. म्हणून युरोपीय आलेखाचे अनुकरण करून ‘दख्खनचा सातशे वर्षांचा मनुष्यवधाचा दर’ काढण्याचा मोह कोणाला झाला, तर तो आवरणे हेच शास्त्रीय ठरेल.

४

निजामी अमलाच्या उत्तरकाळात नियमित पोलीसदल आले व संस्थानचे वार्षिक प्रशासकीय अहवालही निघू लागले. परंतु हैदराबाद संस्थान हा एकजिनसी मुलूख नव्हता. दिवाणी, सर्फ-ए-खास व जहागिरी असे त्याचे भाग होते, आणि अनेक जहागिरींत पोलीस व न्याय यांची व्यवस्था वेगळी होती. जहागिरी नष्ट झाल्या त्या १९४९ मध्ये. तोपर्यंतच्या आकड्यांमागे ‘संपूर्ण जिल्हा’ आहे असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

याहूनही मोठा प्रश्न १९४८ चा आहे. रझाकारांच्या अत्याचारांनी त्या वर्षी मराठवाड्यातील असंख्य गावे त्रस्त झाली होती. १३ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला संस्थानाने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या आठवड्यांत अनेक भागांत मुसलमान वस्त्यांवर सूडाचे हल्ले झाले. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात दौरा केला. कारवाईच्या काळात व तिच्यानंतर मृत्यू पावलेल्यांची संख्या, अत्यंत सावधपणे धरली तरी, २७,००० ते ४०,००० असावी, असा अंदाज तिने दिला. उस्मानाबाद (आजचे धाराशिव), गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचली व तेथे निदान १८,००० माणसे गेली. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), बीड, नळगोंडा व मेदक मिळून निदान ५,००० गेली, असेही समितीने म्हटले. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. सर्वसामान्य वाचकाला तो २०१३ च्या सुमारास उपलब्ध झाला. याहून बरेच मोठे अंदाजही काहींनी मांडले आहेत.

समितीने केलेली ती मोजणी नव्हती, गावोगावच्या चौकशीवरून बांधलेला अंदाज होता, हे विसरता कामा नये. तरीही त्याचा प्रमाणाच्या भाषेत अर्थ काय होतो ते पाहावे. १९५१ च्या जनगणनेत संस्थानाची लोकसंख्या १ कोटी ८६ लाखांच्या आसपास होती. १९४८ साठी ती १ कोटी ८० लाख धरली, तर समितीचा अंदाज दर लाखी सुमारे दीडशे ते सव्वादोनशे मृत्यू इतका होतो. स्वतंत्र भारताच्या अधिकृत आकडेवारीत ज्या वर्षी खुनांचा दर सर्वाधिक नोंदला गेला त्या वर्षीचा दर पाचदेखील नाही. तेव्हा मराठवाड्याच्या विसाव्या शतकातील मनुष्यवधाच्या इतिहासात सर्वांत मोठी घटना कोणती, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. आणि नेमकी तीच घटना खुनांच्या कोणत्याही तक्त्यात नाही.

ती तशी का नाही, याचे उत्तर संख्याशास्त्रात नसून राज्यशास्त्रात आहे. खून हा गुन्हा म्हणून नोंदला जाण्यासाठी नोंदविणारी सत्ता स्थिर असावी लागते, फिर्यादीला पोलीस ठाण्यापर्यंत जाण्याचे धैर्य असावे लागते, आणि मारणाऱ्याला गुन्हेगार म्हणण्याची तयारी समाजात असावी लागते. रझाकारांच्या अमलात या तिन्ही गोष्टी एका बाजूच्या लोकांना लाभल्या नाहीत. त्यानंतरच्या आठवड्यांत त्या दुसऱ्या बाजूच्या लोकांना लाभल्या नाहीत. सत्ता डळमळते तेव्हा मनुष्यवध वाढतात आणि त्याच वेळी त्यांची नोंद थांबते. म्हणजे या मापनातील चूक यदृच्छेने होणारी चूक नव्हे. मोजावयाची गोष्ट जितकी वाढते तितके माप आखूड होते. दीर्घकालीन आलेख काढणाऱ्याने सर्वांत अधिक भिण्याजोगा दोष हाच.

५

भारतातील गुन्ह्यांची अखिल भारतीय वार्षिक आकडेवारी ‘क्राइम इन इंडिया’ या अहवालमालेत १९५३ पासून मिळते. प्रथम गुप्तवार्ता विभागाकडे असलेले हे काम १९८६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आले. १९५३ साली देशात ९,८०२ खून नोंदले गेले; दर लाखी सुमारे २.६. १९९२ साली ही संख्या ४०,१०५ झाली व दर ४.६ वर पोहोचला. त्यानंतर उतार लागला. २०२२ साली २८,५२२ खून नोंदले गेले व दर २.१ होता. त्या वर्षी महाराष्ट्रात २,२९५ खून नोंदले गेले; उत्तर प्रदेश व बिहार यांच्यानंतर हा तिसरा क्रमांक होता.

या मालेविषयी दोन प्रकारची विधाने वारंवार केली जातात. स्वातंत्र्यानंतर समाजाची नीती खालावली व खून चौपट झाले, हे एक. अलीकडच्या तीस वर्षांत देश फार शांत झाला, हे दुसरे. पहिले विधान लोकसंख्येची वाढ विसरते हा त्याचा ढोबळ दोष झाला. परंतु सूक्ष्म दोष असा की, ते मालेच्या आरंभबिंदूला नैसर्गिक आरंभ समजते. १९४७ ची फाळणी आणि १९४८ ची दक्षिणेतील घटना, या दोन्ही संपल्यावर ही माला सुरू होते. त्याआधीची पाच-सहा वर्षे तिच्यात असती, तर आलेखाचा पहिला भाग चढणीचा नव्हे, उताराचा दिसला असता.

मुलुखाचा प्रश्नही आहेच. १९५३ साली औरंगाबाद जिल्हा हैदराबाद राज्यात होता आणि विदर्भ मध्य प्रदेशात. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले. म्हणून १९५३ च्या ‘मुंबई’ची १९६५ च्या ‘महाराष्ट्रा’शी तुलना करणारा एका प्रदेशाच्या दोन काळांची तुलना करीत नसतो, दोन वेगळ्या प्रदेशांची करीत असतो. जिल्ह्याच्या पातळीवर हीच अडचण १९८१ मध्ये जालना जिल्हा वेगळा झाल्यामुळे येते. आणि औरंगाबाद शहराचे आयुक्तालय व ग्रामीण पोलीसदल यांचे आकडे वेगळे दिले जाऊ लागल्यावर ती आणखी वाढते. खुलताबाद तालुका, व त्यातील वेरूळ, ग्रामीण दलाकडे येतात.

छेदाची अडचण आजही संपलेली नाही. २०२१ ची जनगणना त्या वर्षी होऊ शकली नाही. म्हणून २०२२ चा दर २०११ च्या जनगणनेवरून पुढे अनुमानित केलेल्या लोकसंख्येवर काढलेला आहे. अंशाच्या बाबतीत लक्षात ठेवावयाचा नियम असा की, दर काढताना मोजले जाते ते प्रकरण, मृत नव्हे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांना ठार करण्यात आले. मोजणीच्या नियमाप्रमाणे ते एक प्रकरण. सामूहिक हत्या ज्या समाजघटकांच्या वाट्याला अधिक येतात, त्यांच्यावरील हिंसेचे माप या नियमाने आखूड होते.

असे असले तरी १९९२ नंतरचा उतार केवळ कागदी आहे, असे आम्हांस वाटत नाही. तो दीर्घ आहे, सलग आहे, आणि पोलिसांकडील इतर अनेक गुन्ह्यांच्या नोंदी वाढत असताना आढळलेला आहे. मात्र या शतकाच्या आरंभी खुनांच्या नोंदी खुनाच्या प्रयत्नांच्या नोंदींहून अधिक असत. आता खुनाच्या प्रयत्नांच्या नोंदी पुष्कळ अधिक असतात. रस्ते, रुग्णवाहिका व शल्यचिकित्सा यांनी पूर्वी मेले असते असे किती जखमी वाचविले, याचा हिशेब झाल्यावाचून या उताराचे सर्व श्रेय समाजाच्या सौम्यपणाला देता येणार नाही.

६

आता मृत्यूच्या नावाविषयी. खेड्यात मनुष्य संशयास्पद रीतीने मेला म्हणजे प्रथम पोलीस पाटील वर्दी देतो व बहुधा ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंद होते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या कलमाखाली होत असे. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमाखाली होते. पंचनामा, शवविच्छेदन, व्हिसेऱ्याची तपासणी यांनंतर ती नोंद खुनात बदलते, किंवा बदलत नाही. विहिरीत सापडलेली सून, स्टोव्हच्या भडक्याने भाजलेली विवाहिता, औषध पिऊन मेलेली मुलगी, यांच्या मृत्यूंचे नाव या टप्प्यावर ठरते. पंच गावातले, साक्षीदार घरातले, आणि मृत स्त्रीचे माहेर दूर, अशी स्थिती असते तेव्हा अपघाताच्या रकान्याकडे कल झुकणे स्वाभाविक आहे.

हा दोष किती मोठा असू शकतो, याची कल्पना संघवी, भल्ला व दास यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून येते. २००१ साली भारतात भाजून १,६३,००० हून अधिक मृत्यू झाले असावेत व त्यांपैकी सुमारे १,०६,००० स्त्रियांचे असावेत, असे त्यांनी मृत्यूच्या कारणांच्या सामग्रीवरून काढले. पोलिसांकडील आकड्याच्या हे सुमारे सहापट होते. यांतील खून किती, आत्महत्या किती व अपघात किती, हे त्या सामग्रीवरून सांगता येत नाही. पण मृतांत तरुण स्त्रियांचे प्राबल्य आहे एवढ्यावरूनच, सर्व मृत्यू चुलीच्या अपघाताने झाले, हे उत्तर अपुरे ठरते.

१९८६ मध्ये भारतीय दंड संहितेत ३०४-ब हे हुंडाबळीचे कलम आले. न्यायाच्या दृष्टीने ते आवश्यक होते. परंतु आकडेवारीच्या दृष्टीने त्याने एक नवा रकाना निर्माण केला. विवाहानंतर सात वर्षांच्या आत छळाच्या पार्श्वभूमीवर झालेला अनैसर्गिक मृत्यू त्यात येतो; म्हणजे त्यात खूनही येतात आणि छळाने घडलेल्या आत्महत्याही. हा रकाना खुनांत सर्वच्या सर्व मिळविला तर आकडा फुगतो, मुळीच न मिळविला तर आखडतो. मनुष्यवधाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हुंड्यासाठी केलेल्या हत्या समाविष्ट आहेत, आपल्या खुनांच्या रकान्यात त्या वेगळ्या काढल्या आहेत. ही विसंगती परदेशांशी तुलना करणाऱ्यांच्या क्वचितच लक्षात येते.

या दोन रकान्यांची तुलना मात्र पुष्कळ सांगून जाते. १९९२ मध्ये हुंडाबळींची प्रकरणे पाच हजारांच्या आसपास होती, म्हणजे नोंदलेल्या खुनांच्या सुमारे एक-अष्टमांश. २०२२ मध्ये ती सुमारे साडेसहा हजार होती, म्हणजे खुनांच्या जवळजवळ एक-चतुर्थांश. दोन्ही रकाने मिळविले तर २०२२ चा दर २.१ च्या ऐवजी २.५ च्या आसपास जातो. तरीही तो १९९२ च्या अशाच बेरजेहून पुष्कळ खालीच राहतो. तेव्हा उतार टिकतो, पण त्याचे स्वरूप बदलते. बांधावरची, बाजारातली, टोळ्यांची हिंसा घटली. माजघरातली हिंसा त्या प्रमाणात घटली नाही. ‘देश शांत झाला’ या विधानात कोणाचा देश, हा प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही.

७

शेवटी गावाच्या पातळीवरील मापनाविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे, कारण पदव्युत्तर विद्यार्थी बहुधा तेथूनच आरंभ करतात. दहा हजार वस्तीच्या गावात एका वर्षी एक खून झाला, तर त्या वर्षीचा दर लाखी दहा होतो, म्हणजे राष्ट्रीय दराच्या जवळजवळ पाचपट. पुढील वर्षी तो शून्य होतो. यावरून गाव प्रथम रानटी व मग संतवृत्तीचे झाले, असे कोणी म्हणणार नाही. वृत्तपत्रे तालुक्यांच्या व लहान शहरांच्या बाबतीत मात्र असेच म्हणत असतात. लहान वस्तीसाठी निदान दहा वर्षांची बेरीज घ्यावी, आणि दर देताना त्याची वरची व खालची मर्यादा द्यावी.

यापुढील कामाची दिशाही येथूनच मिळते. एका तालुक्याची, उदाहरणार्थ खुलताबादची, वीस वर्षांची अकस्मात मृत्यूंची नोंदवही, ग्रामपंचायतींची मृत्यूनोंद व शासकीय रुग्णालयातील शवविच्छेदनाचे अहवाल, रीतसर परवानगी घेऊन व नावे गुप्त ठेवून, एकमेकांशी ताडून पाहिल्यास किती मृत्यू कोणत्या टप्प्यावर एका रकान्यातून दुसऱ्यात गेले, हे कळू शकेल. ठगीच्या लाखोंच्या आकड्यांवर वाद घालण्यापेक्षा असे मर्यादित काम अधिक फलदायी ठरेल. ते करताना चार पथ्ये पाळावीत : काय मोजले ते प्रथम सांगावे; कोणत्या सीमेतील लोकांत मोजले ते सांगावे; एकच आकडा न देता पल्ला द्यावा; आणि ज्या वर्षांत नोंद थांबली ती वर्षे शून्य न लिहिता कोरी ठेवावीत.

या शेवटच्या पथ्याला आम्ही सर्वांत अधिक महत्त्व देतो. १९४८ चा रकाना कोरा आहे, तो शून्य नाही. त्या कोऱ्या जागेत मराठवाड्यातील हजारो माणसे आहेत. आणि अकस्मात मृत्यूच्या वहीत दडलेल्या स्त्रिया तशाच दुसऱ्या कोऱ्या जागेत आहेत. त्यांची अचूक संख्या काढणे आपल्या हाती नसेल. पण ती जागा कोरी आहे हे स्पष्टपणे दाखविणे निश्चितच आपल्या हाती आहे, आणि मनुष्यवधाच्या दीर्घकालीन अभ्यासाचे ते पहिले कर्तव्य होय.